एकाच आकड्याची दोन चाकं

आम्ही नांदेड सोडलं तेव्हा सकाळचे सात वाजले होते. मागच्या सीटवर गादीची वळकटी, पत्र्याची पेटी, बादली आणि पुस्तकांचं खोकं. पुढं माझ्याशेजारी माझी मुलगी नेहा. तिला अकरावीसाठी लातूरच्या वसतिगृहात ठेवायचं होतं. भूकंपानंतर लातूरचं नाव निघालं की लोक हळहळायचे. काही वर्षांतच ते मुलांचे टक्के विचारू लागले होते. माझा नवरा जाऊन दीड वर्ष झालं होतं. गाडी त्याची. मी शाळेत मराठी शिकवते आणि गाडी चालवायला शिकून मला जेमतेम चार महिने झाले होते.

लोह्याच्या पुढं गाडी डावीकडं जाऊ लागली. स्टिअरिंग जरा सैल सोडलं की रस्त्याची कड धरायची. आदल्या आठवड्यात दिरांनी पुढचं उजवं टायर बदलून दिलं होतं, पण त्याचा याच्याशी काही संबंध असेल असं मनात आलं नाही. मला वाटलं, आपलाच हात कच्चा. माळाकोळीजवळ डावं चाक खाली मुरमात उतरलं, समोरून ट्रक येत होता. कशीबशी सावरले.

नेहा म्हणाली, "बाबा असते तर गाडी अशी गेली नसती."

"मग उतर आणि बसनं जा," मी म्हणाले.

अहमदपूरला सुशीला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा पोह्यांसारखा पदार्थ) घेतली. नेहानं दोन घास खाऊन प्लेट सरकवली.

लातुरात गल्लोगल्ली क्लासच्या पाट्या होत्या आणि प्रत्येक वळणावर आमच्यासारखीच गादी-बादली घेऊन आलेली माणसं. वसतिगृहाच्या खोलीत तीन खाटा, तीन खिळे, एक खिडकी. सामान लागल्यावर रेक्टरबाईंनी पालकांना निघायला सांगितलं. फोन फक्त रविवारी, असंही बजावलं. नेहा पेटी उचलून जिना चढली. मी खाली उभी होते. तिनं वळून पाहिलं नाही.

परतीला गाडी आणखीच ओढू लागली. खांदा भरून आला, डोळ्यांना पाणी येत होतं. चाकूरला रस्त्यालगत टायरचं दुकान दिसलं तशी थांबले. दुकानदार पन्नाशीचा, अंगानं बारीक, युसूफभाई नावाचा. मी सगळं सांगून वर म्हणाले की मला चालवता येत नाही. माझ्याकडून किल्ली घेऊन गाडी चौकापर्यंत नेऊन आणली.

"ताई, तुमचा हात ठीक हाय. गाडीच ओढून राहिली," तो म्हणाला.

त्यानं पुढची दोन्ही चाकं वाकून पाहिली. मी म्हटलं, दोन्हीवर आकडा एकच आहे, एकशे पंचेचाळीस, सत्तर, बारा. दिरांनी बघूनच घेतलंय. आकडा बरोबर आहे, तो म्हणाला. पण एक जुनं, एक नवं, आणि कंपन्या वेगळ्या. जॅक लावून त्यानं दोन्ही चाकं काढली आणि खडू मागितला. माझ्या पर्समध्ये शाळेतला तुकडा होता. त्यानं दोन्ही चाकांवर खूण केली, दोन्ही एका रेघेवर ठेवून एकेक फेरा फिरवली. जिथं खूण पुन्हा जमिनीला टेकली तिथं मी खडूनं रेघ ओढली. दोन रेघांत दोन बोटांचं अंतर होतं.

मग त्यानं समजावलं. आकडा म्हणजे रुंदी, उंची आणि रिमचं माप. पण प्रत्येक कंपनीचा साचा वेगळा. थोडं कमी-जास्त चालतं, तेवढी सूट असते. कुणाच्या टायरची बाजू कडक, कुणाची मऊ, म्हणून वजनाखाली दबतातही कमी-जास्त. त्यात जुनं झिजलेलं. चपलेचा नंबर एक असला तरी एक कंपनी पायाला चावते, दुसरी सैल होते, तसंच हे. लहान चाक ज्या बाजूला, गाडी त्या बाजूला ओढणार; माझं झिजलेलं चाक डावीकडं होतं.

स्टेपनी (जादा चाक) काढून त्यानं ती जुन्या टायरशी ताडून पाहिली. कंपनी तीच, झीजही जवळजवळ तेवढीच.

"कुणीतरी पाची चाकं फिरवून फिरवून वापरलीत," तो म्हणाला. "असं कुणी करत न्हाई. कोण चालवायचं?"

मी नवऱ्याचं सांगितलं. स्टेपनी उजवीकडं बसवून तो नट आवळू लागला. मग आपणहून बोलला. त्याचं गाव औशाकडचं. भूकंपाच्या रात्री तो ट्रकवर सोलापूरला होता. परत आला तर आई नाही, बायको नाही, घराच्या जागी दगडमातीचा ढीग. पुढं सरकारी घर मिळालं, पण त्यात झोप लागेना, म्हणून इथं रस्त्यावर येऊन दुकान टाकलं. एकटे कसे राहता, मी विचारलं.

"चाक निघेपर्यंत माणसं बसतात, बोलतात," तो म्हणाला. "तेवढ्यावर दिवस जातो."

नवं टायर स्टेपनीच्या जागी ठेवून त्यानं गाडी उभी करून दिली. शेजारी एसटीडी बूथ होता. मी वसतिगृहाला फोन लावला. रेक्टरबाई कुरकुरल्या, पण त्यांनी नेहाला बोलावलं. मी टायरचं सगळं सांगितलं, पाच चाकांचंही.

"दर दिवाळीला बाबा चाकं बदलायचे," ती म्हणाली. "मी नट धरून बसायचे. तू आत फराळ करत असायचीस." मग हळूच म्हणाली, "तुझी चूक नव्हती, आई. सावकाश जा."

पुढचा रस्ता गाडी सरळ चालली. अहमदपूर, माळाकोळी, दोन्ही बाजूंना काळी रानं. समोरून येणाऱ्या जीपगाड्यांच्या टपावर गाद्या बांधलेल्या होत्या. लातूरकडून नांदेडला निघालेल्या आम्हा सगळ्यांच्या गाड्या मात्र रिकाम्या.

लोह्याला चहाला थांबले. बाकावर धर्माबादची एक बाई होती, गादीची सोडलेली दोरी मांडीवर गुंडाळत बसलेली. तिनं सरकून मला जागा दिली.

"सोडून आलात?" तिनं विचारलं.

"हाव," मी म्हणाले. "तुम्ही?"

तिनं मान डोलावली. दीड वर्ष मी माणसांशी कामापुरतंच बोलत आले होते. त्या दिवशी दोनदा अनोळखी माणसाजवळ बसले, आणि दोन्ही वेळा उठावंसं वाटलं नाही. घरी कुलूप होतं, ते उघडायची घाई नव्हती. मी आणखी दोन चहा सांगितले.