घोंगडीनं घासलेली पाठ

आमच्यात अंगावर पित्त उठलं की घोंगडीनं घासायचं. बाप मेंढरं राखायचा, त्याच्या वेळची एक काळी घोंगडी अजून घरात आहे. तिची लोकर अंगाला टोचते. घासलं की पित्त बाहेर पडतं, असं आम्ही धरून चाललेलो. अंग जितकं लाल, तितकं पित्त निघालं.

बायकोला दोन वर्षं गांधी उठत होत्या. कांदा काढताना घाम आला, बांगडी रुतली, ब्लाउजची कड दाटली, की तिथं गांधी. दुपारी शेतातून आलो की ती माझ्याकडं पाठ करून बसायची. "घासा जरा." मी घासायचो. थोडा वेळ तिला बरं वाटायचं, मग दुप्पट खाज.

हे आजवर कुणाला सांगितलं नाही. घासताना मला राग असायचा. तिच्या खाजेचा कंटाळा आला होता. जेवायला बसावं तर खाज, पाहुण्यांत जावं तर खाज.

"बास, आग व्हतीय," ती म्हणायची.

"आग झाली म्हंजे निघतंय," म्हणून मी आणखी दोन हात जोरात फिरवायचो. ते दोन हात पित्तासाठी नव्हते.

शेवटी मंचरला कातडीच्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी पाठ बघितली. "ताई, एवढं कशानं खाजवता?"

तिनं माझ्याकडं बघितलं. "नखानं. मीच."

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत राहिलो.

डॉक्टरांनी पेनाच्या बोथट टोकानं तिच्या हातावर रेघ ओढली. पाच मिनिटांत ती दोरीसारखी वर आली. म्हणाले, कातडीत संवेदनेच्या नसा असतात, त्यांच्या टोकांना लागून मास्ट पेशी. बारक्या थैल्याच म्हणा. घासलं की नसा एक रसायन सोडतात, त्यानं थैल्या आपला माल ओततात. त्यात हिस्टामीन असतं. कातडी सुजते, आणि तेच हिस्टामीन पुन्हा नसांना डिवचतं.

मेंढरू बुजलं की कुत्रं भुंकतं, कुत्रं भुंकलं की कळप आणखी बुजतो. बाप अशा वेळी नुसता उभा राहायचा, काठीसुद्धा हलवायचा नाही.

"मग बाहेर काय पडत न्हाई?" मी विचारलं.

"काही नाही, भाऊ. आतल्या आत वाढतं."

गोळ्या दिल्या, नखं कापायला सांगितली. महिनाभर ती नखं पार मुळापर्यंत कापत होती. मी समोर बसून बघायचो. त्या नखांनी काही केलं नव्हतं. घोंगडी मी पेटीत टाकली, का ते बोललो नाही.

दुसऱ्या खेपेला पाठ बरीच निवळली होती. डॉक्टर खूश. "बघा ताई, हात आवरलात म्हणून फरक पडला."

ती मान हलवणार, तेवढ्यात मी म्हणालो, "हात माझा व्हता. घोंगडीनं घासायचो. ती बास म्हणली तरी."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "आता नाही ना घासत?"

"न्हाई."

त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं.

एसटीची वाट बघत आम्ही बाकड्यावर बसलो. ती म्हणाली, "तिथं सांगायची काय गरज व्हती?"

मी उठून एसटी दिसते का ते बघून आलो.

मी परत टेकलो तशी म्हणाली, "रागानं घासायचा, ते मला हातावरनं कळायचं."

"मग बोलली का न्हाईस?"

"बोलायचे की," ती म्हणाली. "बास म्हणायचे."