शेवट माझाच

आखातातल्या अल रीम बेटावरच्या फ्लॅटमध्ये नातीने भुताच्या गोष्टींचं जुनं इंग्रजी पुस्तक उघडलं. पानांचा कुबट वास आला आणि मी मनाने थेट मुसफ्फाच्या जुन्या कामगार कॅम्पात पोचलो.

मंदीचं साल. वर्कशॉप बंद, आम्ही वेल्डर दिवसभर खाटेवर बसून. नोकरी गेलेला एक इंग्रज इंजिनियर जाताना जुन्या मासिकांचा गठ्ठा सोडून गेला होता. वसईचा फ्रान्सिस दुपारी त्यातली एक गोष्ट वाचून आम्हाला सांगायचा. पडक्या किल्ल्यात कोंडलेली नवरी, भिंतीतून येणारा हुंदका. गोष्ट दर अंकात थोडी थोडी छापलेली, आणि शेवटचा अंकच गठ्ठ्यात नाही!

"खलास," फ्रान्सिस म्हणाला.

सगळ्यांची तोंडं उतरली. नोकरीचं काही कळत नव्हतंच, निदान नवरीचं तरी कळायला हवं होतं. मी चौथी पास, पण उठून उभा राहिलो.

"शेवट मी सांगतो. ते भूत म्हणजे तिची सासू. नवरी दोन गोड शब्द बोलल्यावर सासूनेच दार उघडलं."

"काका, भूत इंग्रज, सासू कुठून आणली?" एका पोरसवदा वेल्डरने विचारलं.

"इंग्रजाला आई नसते काय रे?"

अख्खा कॅम्प हसून लोळला. महिन्याभरात पहिल्यांदा.

नातीच्या पुस्तकात नेमकी तीच गोष्ट निघाली. "आजोबा, शी डाइज इन द एंड."

"चूक आहे."

तिने प्रस्तावना वाचून सांगितली. मासिकातला शेवट वेगळा होता, पुस्तक छापताना तो बदलला, आणि मासिकाचा तो शेवटचा अंक आता कुठेच मिळत नाही.

"मग तो माझाच होता. यल्ला, चल, लिही!"

मी सासूचा शेवट सांगितला, तिने तो हसत शेवटच्या पानावर पेन्सिलने लिहिला. खाली सही माझी, मराठीत.