रकाना उघडेना, पोती हलेनात

पुण्याची नोकरी सोडून लाखनीला घरी आले तेव्हा बाबांकडे मी एकच गोष्ट मागितली: दुकानाला लागून असलेली खोली. हायवेवर आमचं खतांचं दुकान. ही खोली म्हणजे त्याचं गोदाम, युरियाच्या पोत्यांनी आढ्यापर्यंत भरलेलं. घरी बसून प्रोग्रॅम लिहायचे तर टेबल हवं, लावून घेता येईल असं दार हवं. खोली मिळाली तर राहीन, नाही तर परत पुण्याला जाईन, असं मी आईला सांगून टाकलं होतं.

बाबा म्हणाले, "देतो ना बाई," आणि गिऱ्हाइकाकडे वळले.

देतो म्हणजे कधी? दुसऱ्या दिवशी पोती तिथेच, आठवड्यानंतरही तिथेच. मी रोज सकाळी दारात उभी राहून विचारायची, "बाबा, खोलीचं काय?"

"हो म्हटलं ना वं. येवढी काहून घाई करून राहिली?"

आई हसायची. "उतावळा नवरा अन् गुडघ्याले बाशिंग!" मला मुळीच हसू येत नव्हतं. द्यायची नाही तर तोंडावर सांगा ना, असं वाटून मी आतल्या आत धुमसायची.

तोवर लॅपटॉप स्वयंपाकघरात, तेलाच्या डब्याशेजारी. पहिलं काम जवळच्या राईस मिलचं मिळालं होतं. धानाचा ट्रक काट्यावर आला की मुनीमजींनी 'नवी गाडी' हे बटण दाबायचं, पडद्यावर नवा रकाना उघडायचा आणि त्यात काट्यावरचं वजन यायचं. घरी काटा नव्हता, तेव्हा मी खोटंच वजन देऊन बघायची आणि रकाना पटकन उघडायचा. मिलमध्ये मात्र पडद्यावरची प्रोग्रॅमची खिडकी ढिम्म. मी बटण पुन्हा दाबायची, चिडून पुन्हापुन्हा दाबायची, आणि बऱ्याच वेळाने सगळे रकाने एकदम बदाबदा पडायचे. बटण दाबल्याबरोबर प्रोग्रॅमलाच रकान्याची रुंदी विचारून पाहिली, तर उत्तर शून्य. मेल्या, आत्ताच तर बसवला तुला! बाहेर ट्रकवाले हॉर्न वाजवत होते आणि मुनीमजी म्हणत होते, "मॅडम, वहीच बरी होती."

घोळ सापडला तो एका दुपारी, मिलमध्येच. रकाना बसव म्हटलं की मांडणी तिथल्या तिथे बदलत नाही. बदलायची आहे एवढंच टिपून ठेवलं जातं. हातातलं काम संपलं, की मग खिडकी सगळं नव्याने मांडते. आणि मी तर त्याच दमात तिला काट्याच्या वजनाची वाट बघत उभी करत होते. वजन येईपर्यंत ती अडकलेली, आणि माझी प्रत्येक टिचकी मागे रांगेत नवं काम होऊन उभी. वजनाची वाट बघणं मी वेगळं काढलं. बटण दाबलं, रकाना उघडला. मुनीमजींनी चहा मागवला.

चहा पितानाच पुण्याच्या जुन्या ऑफिसातून फोन आला. परत येता का? माझ्या डोळ्यांपुढे ती पोती आली. मी म्हटलं, येते.

घरी पोचले तर दुकानात एकही गिऱ्हाईक नव्हतं. गावोगावची धानाची रोवणी आटोपली होती. उरलीसुरली पोती दुकानात लागली होती आणि बाबा त्या रिकाम्या खोलीत युरियाचे पांढरे दाणे झाडून काढत होते.

"सीझन सरला," ते म्हणाले. "आता हात मोकळे झाले. टेबल कोण्या भिंतीले लावाचा?"

"खिडकीकडे," मी म्हटलं आणि मागच्या अंगणात जाऊन पुण्याला फोन लावला.

"अहो, आत्ताच तर हो म्हणालात," तिकडची बाई म्हणाली. "एवढ्यात काय झालं?"

बाबांनी पोती हलवली, हे तिला कसं सांगू?