कोळशाच्या रेघेची अंडी

चूक माझी होती, हे आधीच लिहून टाकतो. पुढे मी कोंबड्यांबद्दल इतकं वाईट बोलणार आहे की वाचणाऱ्याला सगळा दोष त्यांचाच वाटेल. थोरली बहीण गावाला गेलेली पाहून तिच्या नऊ कोंबड्या तिला न विचारता मी दुसऱ्या गावी देऊन आलो. ही झाली पहिली चूक. दुसरी याहून मोठी होती. ती कबूल करायला मला सहा-सात वर्षं लागली.

सत्तरीचं दशक संपत आलं होतं. आमचं घर नाकाडोंगरीच्या अलीकडच्या एका लहान गावात, आणि मी मँगनीजच्या खाणीवर टाइमकीपर. सकाळी भोंगा झाला की कोण आत आलं, कोण उशिरा आलं, कोण आलंच नाही, हे टिपायचं. दिवसभर माणसं वेळेत बसवून मी घरी यायचो, तर घरात वेळ, जागा, शिस्त यातलं काहीही न मानणारे नऊ प्राणी मोकळे फिरत असायचे.

थोरल्या बहिणीला आम्ही बाई म्हणत असू. लग्नानंतर चार वर्षांत तिचा नवरा गेला आणि ती माहेरी परत आली, तेव्हा तिच्या डोक्यावर पाण्याचा एक पितळी गुंड होता आणि काखेत एक कोंबडी. त्या कोंबडीचाच हा सगळा वंश. पुढे आईवडील गेले, माझं लग्न झालं, चूल बायकोकडे आली. कोंबड्या तेवढ्या बाईच्या राहिल्या.

त्या कोंबड्यांनी मला किती छळलं हे सांगायला बसलो तर दिवस पुरणार नाही. धुतलेल्या सदऱ्यावर घाण. पाण्याच्या माठावर घाण. तांदळाच्या कोठीचं झाकण उघडं राहिलं की आत कोंबडी. एक पांढरी कोंबडी माझ्या सायकलच्या कॅरिअरवर बसूनच झोपायची. सकाळी घाईत निघालो की खाणीच्या फाटकापर्यंत ती मागे बसून यायची, आणि मजूर म्हणायचे, "बाबूजी, आज बाई साहेबाची पण हजेरी लावा जी!" मी बाईला सांगायचो, तर ती हसायची. म्हणायची, "तुले तरी कोनी पोचवाले येते. मले कोन येते?"

घरात होतं तोवर सोसलं. पण आमच्या सांदवाडीला, म्हणजे घरामागच्या कुंपणाच्या जागेला, लागून शेजारच्या काकांची सांदवाडी होती. विहीर जवळ म्हणून ते तिथेच धानाचे पऱ्हे, म्हणजे लावणीची रोपं, टाकायचे. त्या वर्षी त्यांनी बी टाकलं आणि तिसऱ्या दिवशी बाईच्या कोंबड्या कुंपणाखालून शिरल्या. अंकुर फुटलेलं बी उकरून, खाऊन, वर त्याच मऊ मातीत अंग लोळवून त्या परत आल्या. अर्धा वाफा गेला.

काका कुंपणापलीकडून ओरडले, "बाबू, खाणीवर हजार मानसं सांभाळतोस म्हणे! घरच्या नऊ कोंबड्या सांभाळता येत नाहीत का रे?"

"बांधतो काका, आजच बांधतो."

"बांधजो. नाहीतर मी बांधीन, हंडीत."

मी रविवारभर खपून बांबूच्या तट्ट्यांचं मोठं खुराडं केलं. दाराला कोंडी, म्हणजे कडी, लावली. बाई ओट्यावर बसून पाहत होती.

"बाबू, ह्या कोंडून रायनाऱ्या कोंबड्या नोहत. किडामुंगी वेचून पोट भरतेत त्या. आत कोंडल्यावर खायले काय देशील?"

"कणी टाक."

"कणी तुह्या पगाराची का माह्या?"

आठ दिवसांत खुराड्यातल्या कोंबड्यांनी एकमेकींची पिसं उपटली, अंगात उवा पडल्या, अंडी बंद झाली. तरी मी मनात खूश होतो. संध्याकाळी घरी यायचो तर कोंबड्या आत, कोंडी लावलेली. पुढे एकदा खाणीत पाणी भरलं आणि आम्हाला दुपारीच सुटी मिळाली. घरी आलो तर कोंबड्या अंगणात चरत होत्या. बाई मला पाहून उठली, पदर सावरला आणि गुन्हेगारासारखी उभी राहिली. सकाळचा भोंगा झाला की ती त्यांना सोडत होती आणि संध्याकाळचा झाला की कोंडत होती. माझ्याच भोंग्यावर.

मी फार ओरडलो. या घरात माझा शब्द चालतो की कोंबड्यांचा, असं काहीतरी म्हणालो. बाई एवढंच म्हणाली, "दुपारभर मी वाडीतच बसतो काठी घेऊन. त्या काकाकडे जात नाहीत आता. इचार त्याईले."

मी विचारलं नाही. विचारायची गरजही वाटली नाही, कारण काका माझ्याशी बोलतच नव्हते. त्या ओरडण्यानंतर बरेच दिवस कुंपणापलीकडून एक शब्द आला नव्हता. समोर आले तर मान हलवायचे आणि पुढे जायचे. मी धरून चाललो की त्यांच्या पोटात राग साचतो आहे. रोज खाणीवर जाताना माझ्या डोक्यात तेच. कोंडून भागत नाही, तर कोंबड्याच नकोत. पण बाईला हे सांगायची हिंमत होत नव्हती.

तेवढ्यात संधी आली. बायको पहिल्या बाळंतपणासाठी बपेऱ्याला माहेरी गेलेली होती. बाईला आमच्या मावसभावाकडे तेरवीला तीन दिवस जावं लागलं. निघताना ती म्हणाली, "दिवसा सोडजो, सांजच्याले कोंडजो. अन् ढोराच्या कोठ्यातल्या टोपलीत खुडूक कोंबडी बसली हाय, तिच्यापुढे पानी ठेवजो. आयकलं का?"

"हो."

मी ऐकलं होतं. लक्ष दिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सुटी टाकून मी सासरी देऊन टाकायला नऊच्या नऊ कोंबड्या दोन टोपल्यांत भरल्या आणि वर जाळं बांधलं. कोठ्यातल्या टोपलीत बसलेली ती कोंबडी उठता उठेना. पिसं फुलवून अंगावर आली, हाताला चोचीने रक्त काढलं. मी तिलाही उचललं. खाली बारा अंडी होती. प्रत्येकावर कोळशाची एक एक रेघ. मला वाटलं, बाईने मोजायला सोपं जावं म्हणून ओढली असेल. वाया कशाला घालवा, बाळंतिणीला होतील, असा विचार करून मी ती मडक्यात धानाच्या भुशात ठेवली आणि बरोबर घेतली. कोंबड्या देतो आहे, वर अंडीही देतो आहे. मला स्वतःचा अभिमान वाटल्याचं आठवतं.

बसमध्ये कंडक्टरने टोपल्यांकडे पाहिलं.

"बाबूजी, हे सवारी होय का सामान?"

"सामान."

"मंग सामान आपसात भांडून कायले राहिलं?"

सगळी बस हसली. तुमसरला बस बदलली, तेव्हा जाळ्यातून एक कोंबडी निसटली आणि मी स्टँडवर तिच्या मागे धावलो. मनात म्हणत होतो, आजचा दिवस, फक्त आजचा दिवस.

बपेऱ्याला सासूबाईंनी मडक्यातलं एक अंडं हातात घेतलं आणि त्यांचा चेहराच बदलला. त्यांनी ते कानाशी धरलं. मग उजेडाकडे धरलं.

"जावाई, हे तर बसवलेले अंडे हायत जी. रेघ दिसली नाही का तुमाले?"

"रेघेचं काय?"

"अंडे कोंबडीखाली बसवले का रेघ ओढतेत. मागून दुसऱ्या कोंबडीनं तिथं अंडं घातलं तर ते बिनरेघेचं, ते खायचं. रेघेचं कोनी उचलत नाही. लहान लेकराले माहीत असते हे!"

मला माहीत नव्हतं. जन्मभर अंडी खाल्ली, पण ती टोपलीतून ताटात कशी येतात हे मी कधी पाहिलं नव्हतं. ते बायकांचं काम.

आतून बायको पोट सांभाळत बाहेर आली. तिने अंडी पाहिली आणि भिंतीला धरून उभी राहिली. "अहो, हे शेजारच्या काकीचे अंडे होते."

मग तिने सगळं सांगितलं. पऱ्हे उकरल्याच्या दुसऱ्याच दिवशी बाई काकीकडे गेली होती. काकीची कोंबडी कोल्ह्याने नेली होती, अंडी तेवढी उरली होती. आमच्याकडची रीत अशी, की अंडी एकीची आणि कोंबडी दुसरीची असली तर पिल्लं निम्मीनिम्मी. बाईने काकीला शब्द दिला, की अंडी मी बसवते आणि या खेपेला माझा निम्मा वाटा नको, बाराच्या बारा पिल्लं तुमची, पऱ्ह्यांचा राग सोडा. काकीने काकांना सांगितलं आणि विषय मिटला. ते गप्प होते ते म्हणून. त्यांचं गप्प राहणं मी राग समजलो होतो.

"मला का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"तुमी आयकता कवा जी?" बायको म्हणाली.

सासूबाईंनी कोंबडीला परत त्या अंड्यांवर बसवलं. सतरा दिवस झाले होते, चार उरले होते. पण अर्धा दिवस ती अंडी थंड पडली होती, वर बसचे हादरे. एकही पिल्लू निघालं नाही, असं नंतर कळलं.

मी रिकामा परत आलो. दिलेल्या कोंबड्या परत मागायची लाज वाटली. बाई आली तेव्हा मी काय बोलायचं ते घोकून बसलो होतो. ती कोठ्यात गेली. रिकामी टोपली घेऊन बाहेर आली. माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडणार तोच कुंपणाजवळून काकी हसत आली, "काय बाई, दोन-तीन दिवस रायले ना आता?"

माझ्या बहिणीने टोपली खाली ठेवली. म्हणाली, "काकी, माह्या हातून मोडलं. मी गावाले गेली, अन् कोंबडी अंड्यावरून उठली."

इथे मी बोलायला हवं होतं. काकी चार हातांवर होती. मी माझ्या पायांकडे पाहत राहिलो.

आता, बाईचं यात काय गेलं ते सांगितलं पाहिजे. गावात बाईच्या हाताची ख्याती होती. अंडी बसवायची तर बाईच्या हाताने, असं बायका मानायच्या. बाईने टोपलीत अंडं ठेवलं की ते फुकट जात नाही. विधवा म्हणून हळदीकुंकवाला, ओटी भरायला तिला कोणी पुढे बोलवत नसे. पण अंडी बसवायला अर्ध्या गावातून बोलावणं यायचं, आणि ती डोक्यावरून पदर घेऊन, हात धुऊन, मोठ्या ऐटीत जायची. त्या दिवसानंतर बोलावणी कमी झाली. मग थांबली. "बाईचा हात गेला" असं बायका म्हणू लागल्या. वाईटपणाने नाही, पाऊस गेला असं म्हणावं तसं.

सासूबाईंनी पुढे दोन कोंबड्या परत पाठवल्या. बाकीच्या तिकडे पाहुण्यारावळ्यांत संपल्या. बाईने त्या दोघींना खुराड्यात कोंडलं आणि पुन्हा सोडलं नाही. मी म्हणालो, "सोड ना बाई, फिरू दे." ती म्हणाली, "नको. तूच म्हनत होता ना." अंगण स्वच्छ झालं. सायकलच्या कॅरिअरवर कोणी बसेना. मला जे हवं होतं ते सगळं मिळालं होतं.

आमच्यात त्या टोपलीचा विषय कधीच निघाला नाही. मी बाईला लुगडी आणली, चष्मा करून दिला, तुमसरला डॉक्टरकडे नेलं. ती घ्यायची आणि "कायले खर्च करून राहिला?" म्हणायची.

मग एका उन्हाळ्यात काकांच्या घरी सून आली. मोकळ्या स्वभावाची पोरगी. एका सकाळी ती ओच्यात अंडी घेऊन कुंपणाशी आली आणि बाईला म्हणाली, "आत्याबाई, आमची कोंबडी बसत नाही. तुमच्याकडे खुडूक हाय म्हनते. बसवून द्या ना जी."

बाई उठली. हात धुवायला म्हणून तिने लोटा उचलला. इतक्या वर्षांनी ती तशी उठताना मी पाहिली. तेवढ्यात काकीचा आवाज आला, सुनेला दबक्या आवाजात सांगत होती, पण आम्हाला ऐकू येईल इतका, "तिथं नको व पोरी. हात नाही लागत तिचा. माहे बारा गेले होते."

बाईने लोटा परत ठेवला. कोणी पाहिलं नाही ना, अशी एकदा माझ्याकडे नजर टाकली आणि खुराड्याकडे तोंड करून उगीच कोंडी तपासू लागली.

मी ओट्यावरून उठलो. कुंपणापर्यंत दहा-बारा पावलं असतील. चाळिशीच्या घरातला मी ती चालत गेलो. काकी, तिची सून आणि मागे बाजेवर बसलेले काका, तिघं माझ्याकडे पाहू लागले.

"काकी," मी म्हणालो, "त्या बारा अंड्यावरून कोंबडी उठली नव्हती. मी उचलली. बाई गावाले गेली होती तवा मी सगळ्या कोंबड्या बपेऱ्याले नेल्या, अन् तुमचे अंडेही नेले. मले रेघ कळली नाही. बाईनं माह्यासाठी आपल्यावर घेतलं, अन् मी उभा राहून आयकत रायलो. तिचा हात कवाच गेला नव्हता."

काका बाजेवर सरळ होऊन बसले.

मी मागे वळलो. बाई खुराड्याची कोंडी हातात धरून तशीच उभी होती. मी तिच्या पाया पडलो. लहानपणानंतर मी असा कधी पडलो नव्हतो.

"बाई," मी म्हणालो, "कोंबड्या नेल्या त्याची नाही, तुले एकटीले बोल खाऊ देल्ला त्याची माफी दे. सात वर्सं मी गप्प रायलो. माह्यं चुकलं."