अठ्ठावीस दात्यांचा संशय

बाजारात तिला सगळे काटाबाई म्हणत. तोंडावर नाही, पाठ फिरली की. दुकानांतली वजनमापं तपासायची तिची नोकरी. पितळी वजनांची पेटी घेऊन ती आत शिरली की दुकानदार उगाचच काट्याचं पारडं पुसायला लागत, आणि नेमकं तेवढ्यानंच तिच्या मनात पाल चुकचुके.

नोकरी संध्याकाळी सुटे, संशय सुटत नसे. कुणी मापाला जास्त घातलं, तर कमी कुठे घातलं ते ती शोधत बसे. शेजारणीनं केसांचं कौतुक केलं, तर हिला आता काय मागायचंय याचा विचार जिना चढेपर्यंत चाले.

पन्नाशी उलटल्यावर ती सायकल चालवायला लागली, ती मैत्रिणीच्या नादानं. मैत्रीण दातांची डॉक्टर. दर रविवारी सहा-सातजणांचा घोळका शहराबाहेरच्या टेकडीवर जाई, त्यात तिनं काटाबाईला ओढलं. सायकल मिळाली ती शर्यतीत पळवणाऱ्या एका पोराची जुनी. सपाट रस्त्यावर ती बाणासारखी सुटायची. चढ लागला की मात्र पेडलला धोंडा बांधल्यासारखं व्हायचं. कारण साधं होतं. मागच्या चाकाला दातेरी चक्रांचा जो संच असतो, ज्याला सायकलवाले कॅसेट म्हणतात, त्यातलं सगळ्यात मोठं चक्रही पंचवीस दात्यांचंच होतं. चढाला हे चक्र जितकं मोठं, तितका पाय हलका.

सायकलमिस्त्रीनं पहिल्याच दिवशी सांगितलं, "मॅडम, हे गिअर तरण्या पोरांचे. मोठी कॅसेट घाला."

"बरेच दिवस पडून आहे वाटतं दुकानात?" काटाबाईनं विचारलं. मिस्त्री पुन्हा चाकातली हवा बघायला लागला.

डॉक्टरीण म्हणाली, "अगं घाल की. माझ्या मागे चौतीस दाते आहेत."

स्वतः म्हातारीचे गिअर लावलेत, आता सोबतीला कुणीतरी हवंय हिला, असं काटाबाईच्या मनात आलं.

आणि घरी नवरा. तो गाडी शिकवायचा. शिकणाऱ्याच्या शेजारी बसायचं आणि पायाखालच्या जादा ब्रेकवर लक्ष ठेवायचं, यात त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं. तो म्हणाला, "अगं, चढावर गाडी पहिल्या गिअरमध्ये घालायला कुणाला लाज वाटते का?"

"मी काही तुमच्याकडे शिकायला आलेली नाही."

"तसं कुठे म्हटलं मी?"

"मग पाय काढा ब्रेकवरून."

तो हसला आणि पेपर वाचायला लागला. रविवारी ती परत आली की तो विचारायचा, "झाली का टेकडी?" ती म्हणायची, "झाली." ते खोटं नव्हतं. टेकडी होत होतीच. फक्त दुसऱ्या वळणानंतर काटाबाई सायकलच्या शेजारून चालत असे, एवढंच ती सांगत नसे.

पावसाळा संपला तेव्हा तिनं सायकल साफसफाईला टाकली. नवराच ती दुकानातून घेऊन आला. पुढच्या रविवारी दुसरं वळण आलं आणि पाय टेकला नाही. तिसरं आलं. मांड्या पेटल्या होत्या, गुडघा कुरकुरत होता, पण पेडल फिरत राहिलं. वरच्या पाण्याच्या टाकीपाशी बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. डॉक्टरीण धावत येऊन गळ्यात पडली. काटाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं घामाबरोबर पुसून टाकलं.

तो दिवस सुखाचा गेला. सोमवारी बाजारात एका दुकानदाराचा काटा तपासताना तिचा हात थांबला. काटा अगदी बरोबर होता. इतका बरोबर, की कालपरवाच कुणीतरी नीट केलेला असावा. आणि मग टेकडी आठवली. मी एकाएकी एवढी ताकदवान झाले कशी? वारा पाठीमागून होता? की डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना हळू जायला सांगितलं होतं? टाळ्यासुद्धा जरा जास्तच वेळ वाजल्या होत्या.

घरी येऊन तिनं सायकल उलटी केली, मागच्या मोठ्या चक्राच्या एका दात्यावर खडूची खूण केली आणि बोटानं मोजत गेली. अठ्ठावीस. पुन्हा मोजले. अठ्ठावीसच.

कपडेही न बदलता ती दुकानात गेली.

"कॅसेट कुणी बदलली?"

मिस्त्रीनं हातातला पाना खाली ठेवला. "जुनी झिजली होती मॅडम."

"झिजली तर तसलीच घालायची. तीन दाते वाढले कसे? दात उगवायला ती काय तान्हं बाळ आहे?"

"मॅडम, मला मधे घेऊ नका," तो हात पुसत म्हणाला. "साहेबांनी सांगितलं, मी केलं."

परत जाताना तिचं डोकं भणभणत होतं. ज्यानं गुपचूप कॅसेट बदलली, त्यानं आणखी काय काय बदललं असेल? तिच्या चहातली साखर? न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर तिचं वजन हल्ली कमी भरत होतं, तेही त्याचंच काम? तिनं पितळी वजनं काढली आणि तो काटा तपासला. काटा चोख होता. त्यानं तिचं समाधान झालं नाही, उलट हा माणूस फार सफाईनं काम करतो असं वाटलं.

नवरा दारात उभा राहून सगळं बघत होता. "काय चाललंय?"

"अठ्ठावीस," ती म्हणाली.

त्याचा चेहरा पडला. तो शेजारी जमिनीवरच बसला.

"मला एकदा, आयुष्यात एकदा, स्वतःच्या पायांनी काहीतरी जमलं असं वाटलं होतं," काटाबाई म्हणाली. "तेसुद्धा तुम्ही मापात मारलंत."

"पाय तुझेच होते गं."

"आणि दाते तुमचे. का केलंत?"

त्यानं पितळी वजनं एकेक करून पेटीत ठेवली. मग म्हणाला, "एका रविवारी माझा शिकाऊ आला नाही. म्हटलं, टेकडीवर जाऊन तुला गंमत दाखवू. वळणावर पोचलो तर तू कठड्यावर बसली होतीस. सायकल आडवी पडलेली. तोंड ओंजळीत. बाकीचे पुढे गेले होते. मी गाडी थांबवली नाही. तुला ते आवडलं नसतं. घरी येऊन विचारलं, तर तू म्हणालीस, झाली."

काटाबाईला तो रविवार आठवला. एक गाडी मागून येऊन हळू झाली होती आणि निघून गेली होती. कोण मेलं बघतंय, असं तिला तेव्हा वाटलं होतं.

"मला सांगायचं होतंत."

"सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?"

"नाही," ती म्हणाली. "पण भांडले तर असते."

त्या आठवड्यात ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली. मिस्त्रीकडून तिनं जुनी कॅसेट परत बसवून घेतली आणि रजा टाकून एकटीच टेकडीवर गेली. दुसऱ्या वळणावर पाय टेकला. कुठे आणि का टेकला, हे तिनं या वेळी नीट पाहिलं. श्वास शाबूत होता, मन तयार होतं. पेडल इतकं सावकाश फिरत होतं की प्रत्येक फेरा गुडघ्यातून उचलावा लागत होता. तशीच पायी वर न जाता ती वळली आणि थेट दुकानात आली.

"अठ्ठावीसनं वर जाता येतं, पण गुडघा ओरडतो," ती मिस्त्रीला म्हणाली. "आता तुम्ही बोला. आणि विकायचं म्हणून बोलू नका."

"बत्तीसनं फरक पडेल. पण टेकडी दर आठवड्याला असेल तर चौतीस. त्याला चेन चक्रांवरून सरकवणारा मागचा डिरेलर लांब हाताचा लागेल, नाहीतर चेन ओढली जाणार नाही. चक्रांमधली अंतरं मात्र वाढतात, सपाटीला मनासारखा गिअर चटकन सापडायचा नाही."

खोट आपणहून सांगणारा विक्रेता तिला नवीन होता. हीसुद्धा एखादी युक्ती असेल, म्हणून तिनं त्याच्याकडे बराच वेळ रोखून पाहिलं. मग डॉक्टरिणीची सायकल मागून आणली, चढावर नेली, सपाटीवर नेली. डॉक्टरीण म्हणाली, "दाते मोजायचे होते तर आधी माझ्याकडे यायचंस, माझा धंदाच तो." काटाबाईला हसू आलं, पण सायकल परत देण्याआधी तिनं चक्राचे दाते मोजले. चौतीसच होते.

चौतीस तिनं स्वतः समोर उभं राहून बसवून घेतलं.

रविवारी ती सगळ्यांच्या मागून वर पोचली. खूप मागून. पाय भरभर फिरत होते आणि सायकल मुंगीसारखी सरकत होती. एक म्हातारा पायी उतरत होता, त्यानं तिला दोनदा न्याहाळलं. टाकीपाशी टाळ्या झाल्या नाहीत, सगळे संत्री सोलत होते. तिच्याकडे मात्र बोलायला पुरेसा श्वास होता, आणि ती लगेच आपल्या वाटणीच्या फोडी कमी का म्हणून भांडायला लागली.

घरी आली तेव्हा नवऱ्याची गाडी दाराशी उभी होती. सायकल भिंतीला टेकवून तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि गाडीच्या बॉनेटवर तळहात ठेवला. थंडगार होतं. तरी ती क्षणभर हात तसाच ठेवून उभी राहिली.

"सकाळपासून घरीच आहे," वरून खिडकीतून आवाज आला. "झाली का टेकडी?"

"झाली," ती म्हणाली. "सगळ्यांच्या शेवटी."