हाली सिक्क्यातला संसार

जिनिंग फॅक्टरीच्या चाळीत आमची सात बिऱ्हाडं आहेत, सगळी इंग्रजी मुलखातून सेलूला आलेली. दुपारी बायका ओट्यावर तांदूळ निवडायला बसल्या की एकीची फजिती सांगून होते न होते तोच दुसरीची निघते. मी पुस्तक घेऊन खांबाआड बसते. मला कुणी बोलायला लावत नाही, म्हणून इथे लिहिते.

आम्ही बार्शीहून आलो तो किस्सा अजून निघतो. निजामाच्या हद्दीत शिरताना नव्या भांड्यांवर जकात पडते, वापरलेल्यांवर नाही, असं आईला कुणीतरी सांगितलं होतं. निघायच्या आदल्या दिवशी तिने प्रत्येक नव्या भांड्यात पिठलं ढवळून काढलं. नाक्यावरच्या शिपायाने घागरीत हात घातला आणि बोटं हुंगली.

"बाई, घागरीत पिठलं?"

"आमच्याकडे घागरीतच करतात," आई म्हणाली.

त्याने जकात घेतली नाही. हात धुवायला पाणी मात्र मागितलं.

अण्णांचा पगार इथल्या हाली रुपयांत, आणि आईचं डोकं इंग्रजी कलदारात. सहा कलदार म्हणजे सात हाली. बाजारात ती प्रत्येक भाव आधी कलदारात करून बघते, मग महाग की स्वस्त ते ठरवते. एकदा मेथीपाशी हिशेब फारच लांबला.

"आक्का," भाजीवाली म्हणाली, "तुमचा हिशेब व्हायलाय तवर माझी मेथी सुकायली. फुकट न्या, पण उठा."

आईने फुकट नेली नाही. सुकली म्हणून भाव पाडून घेतला.

शेजारच्या राधाकाकू नगरच्या. त्या कलदार रुपये डब्यात वेगळे ठेवतात, परत जाऊ तेव्हा लागतील म्हणून. सत्यनारायणाला घाईघाईत त्यांच्या हातून गुरुजींच्या ताटात कलदार पडला. दुसऱ्या दिवशी त्या गुरुजींच्या दारात.

गुरुजी म्हणाले, "काकू, देवाला हाली काय नि कलदार काय, दोन्ही सारखेच."

"तेच म्हणते मी," काकूंनी हाली रुपया पुढे केला. "मग हा घ्या नि तो द्या."

ओट्यावर हसू असलं तरी आमच्या घरात पगार महिनाअखेरपर्यंत पुरत नव्हता. धाकट्या बाळूचं दूध सगळ्यात जड जात होतं. अण्णांनी सांगून टाकलं होतं, होळीपर्यंत खर्चाचा मेळ बसला नाही तर ताराला मामांकडे ठेवू. तारा म्हणजे मी. मामांच्या घरी मुली शाळेत जात नाहीत.

त्याच दिवसांत फॅक्टरीमागच्या वस्तीवर राहणारी, मूळची वालूरची गयाबाई आली. ती शेळ्या राखते आणि तिचा मुलगा सोलापूरच्या गिरणीत आहे. चाळीत लिहिता येणारी एक पोरगी आहे, हे तिला कुणीतरी सांगितलेलं.

"लिव्ह," ती म्हणाली. "शेळी व्याली, दोन करडं झाली. आमी बरे हाव. पैसे धाडू नको."

मी थांबले. तिच्या लुगड्याला चार ठिगळं होती. "पैसे नकोत?"

"तू लिव्ह तर. वाचून त्याला लाज वाटंल, मग लय धाडंल."

पंधरा दिवसांत मनीऑर्डर आली. त्यानंतर तिने तिच्या वस्तीवरच्या सगळ्या बायकांची पत्रं माझ्याकडे आणली, आणि त्याबद्दल ती रोज तांब्याभर दूध घालू लागली. आईने ते बाळूला चालू केलं. अण्णांना कुणी काही सांगितलं नाही.

होळीच्या आधी मामा आले. माझी वळकटी बांधून दाराशी ठेवली होती. तेवढ्यात गयाबाई तांब्या घेऊन आली.

"पोरगी कुठं निघाली?"

"बार्शीला," मामा म्हणाले. "हिचा खर्च इथं परवडत नाही."

गयाबाईने तांब्या खाली ठेवला नाही. "मग दम धरा, शेळी सोडून आणते. ती बी घेऊन जा. हे दूध पोरीच्या लिवण्याचं हाय, तुमच्या घरचं न्हाई."

"कसलं दूध?" अण्णांनी विचारलं.

बाळू हातात रिकामी वाटी घेऊन गयाबाईसमोर उभा होता. अण्णांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मामा गाडीची वेळ सांगत होते.

आई चुलीपासून उठली. तिने माझ्या वळकटीची दोरी सोडली, आतली सतरंजी काढून झटकली आणि गयाबाईला बसायला अंथरली.