आईचा एकुलता एक फोटो

चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत काचा घासणाऱ्या त्या बाईला सगळे हळूबाई म्हणायचे. कामात हळू म्हणून नव्हे; ती बोलायची इतकं हळू की समोरच्याला कान पुढे करावा लागे. घरी तिचं कपाट चिकटवह्यांनी भरलं होतं. तिकिटं, वाळकी पानं, साबणाच्या वेष्टनांवरची चित्रं, फोटो. पण त्या वह्या उघडून पाहिलेलं माणूस एकच, तिची नणंद.

चिकटवह्या करणाऱ्यांचा मोठा मेळावा भरतोय कळल्यावर नणंदेनं परस्पर दोघींची नावं दिली, आणि ऐन सकाळी जिन्यात पाय मुरगळून बसली.

"मग मीही नाही जात," हळूबाई म्हणाली.

"वहिनी, तिथं काय वाघ बसलेत? वहीत तुझ्या आईंचं पान किती वर्षं करायचं म्हणतेस. जा!"

मेळाव्याच्या दारातच कुणीतरी छातीवर नावाची पट्टी लावली आणि तिनं पर्स त्यावर आडवी धरली. आता कुणीही हाक मारू शकत होतं. आत नुसता गलका. सगळ्या एकमेकींच्या जुन्या मैत्रिणी असल्यासारख्या हसत होत्या. ती भिंतीच्या कडेकडेनं फिरली, उगाचच दोनदा हात धुऊन आली, मग एका टेबलाच्या टोकाला टेकली. शेजारी एक धिप्पाड बाई कात्री चालवत होती. "मी बस चालवते," ती आपणहून म्हणाली. हळूबाईनं पर्स मांडीवर घेतली.

पर्समध्ये आईचा फोटो होता. हळूबाई चार वर्षांची असताना आई गेली. चेहरा आठवत नव्हता. जो होता तो या फोटोतच. खिडकीशी उभी, डोळ्यांवर ऊन आल्यामुळे कपाळाशी हात धरलेला. प्रत काढायलासुद्धा कुणाच्या हाती द्यायचा तिला धीर झाला नव्हता.

तिनं तो बाहेर काढला, तेवढ्यात पान कसं सजवायचं ते शिकवणाऱ्या बाई माइकवरून म्हणाल्या, "फोटो इकडे द्या, यंत्रावर सगळ्यांचे गोल कापून देते." एक मदतनीस ट्रे घेऊन आली.

"नको," हळूबाई म्हणाली. ते तिचं तिलाच ऐकू आलं. फोटो उचलला गेला.

ट्रे गर्दीतून पुढे चालला होता. ती उठली, खुर्च्यांना अडखळली. "माझा फोटो... अहो, माझा..." कुणी वळेना. यंत्राचा दांडा खाली येत होता. खट्. खट्. गोल चेहरे एका डब्यात, उरलेले कागद दुसऱ्यात. आणि पात्याखाली तिची आई सरकली.

"थांबा!"

अख्खं सभागृह गप्प झालं. पात्याची एक कडा टेकली होती, पण दांडा अर्ध्यावरच थांबला. फोटोचा एक कोपरा गेला होता. आई शाबूत होती.

बाईंचा चेहरा उतरला. "अहो, आधी बोलायचं ना!"

"बोलले होते," हळूबाई म्हणाली.

फोटो छातीशी धरून ती बाहेर पायऱ्यांवर बसली. घरी जावं, कपाटाला कुलूप लावावं. मागून बस चालवणारी आली आणि तिनं तळहात पुढे केला. त्यावर कापलेला कोपरा होता, खिडकीच्या चौकटीचा. "डब्यातून शोधला. आमच्या बाबांचा फोटो मी घराबाहेर काढतच नाही. प्रत घेऊन हिंडते. आत प्रतीचं यंत्र आहे. फोटो तुम्ही स्वतः ठेवा, मी कुणाला जवळ येऊ देत नाही."

आत जाऊन हळूबाईनं फोटो आणि कोपरा जुळवून यंत्राच्या काचेवर ठेवले, झाकण लावलं आणि त्यावर हात दाबून धरला. कडेनं उजेड सरकला तेव्हा तिनं डोळे मिटले. आता जळणार, नक्कीच जळणार.

उघडून पाहिलं, तर दोन आया होत्या.

पान त्या दिवशी झालं नाही. फोटो आणि प्रत पर्समध्ये घालून ती घरी गेली. पुढच्या वर्षी ती पुन्हा गेली. पट्टी लावल्यावर पुन्हा पर्स आडवी धरली. पर्समध्ये फक्त प्रत होती, आणि बस चालवणारीनं शेजारची खुर्ची धरून ठेवली होती.